लागू नसेल ते खोडावे

२०१२ सालच्या जून महिन्यात मायक्रोसॉफ्ट कंपनीने नॉर्वेत शिमगा केला. पौर्णिमा पाहिली नव्हती, होळी घातली नव्हती, गुलाल तर त्या मुलखात मिळतच नसावा. निमित्त होते ओस्लोला भरलेल्या नॉर्वेजियन डेव्हलपर्स कॉन्फरन्सचे, म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींच्या मेळाव्याचे. कंपनीला आपल्या ‘अझूर’ या सेवेची जाहिरात करायची होती. अझूर म्हणजे आपले हिशेब, आपले फोटो, आपली सगळी कागदपत्रे दुसऱ्याच्या मशीनवर नेऊन ठेवायची आणि त्याला भाडे देत राहायचे. या विषयावर गाणे करणे सोपे नाही. आमच्या गोव्यात जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजवर कोणी गाणे रचलेले नाही, ते याच कारणाने.

कंपनीने तरी रचले. मंचावर मुली नाचत आल्या, मागे धडधडणारे संगीत सुरू झाले आणि प्रेक्षकांचा एकही शब्द हुकू नये म्हणून गाण्याचे बोल मोठ्या पडद्यावर उमटू लागले. गाणाऱ्याचे म्हणणे थोडक्यात असे, की कंपनीच्या नावात जे दोन शब्द आहेत, एक बारीक आणि दुसरा मऊ, ते त्याच्या एका अवयवाला लागू पडत नाहीत. कोणत्या ते वाचकांनी ओळखले असेलच. ओस्लोच्या प्रेक्षकांना ओळखण्याचेही कष्ट पडले नाहीत, पडद्यावर डॉक्टर वापरतात तो शब्द होता. पुढे लिहिणाऱ्याच्या मनात आले असावे, की सभागृहात स्त्रियाही असणार, त्यांना वगळल्यासारखे होईल. म्हणून त्याने कंसात स्त्रियांच्या अवयवाचेही नाव घातले. पंचायतीच्या दाखल्यावर ‘श्री./श्रीमती, लागू नसेल ते खोडावे’ असे छापलेले असते ना, तीच ही समानता.

व्हायचे ते झाले. ध्वनिचित्रफीत जगभर फिरली, संगणकक्षेत्रातल्या स्त्रिया चिडल्या, बरेच पुरुषही चिडले आणि थोड्याच दिवसांत कंपनीने माफी मागितली. कार्यक्रमात अनुचित भाग होता, भाषा असभ्य होती, आम्ही दिलगीर आहोत आणि या प्रकाराची चौकशी करत आहोत, असा त्या माफीचा आशय. यातल्या चौकशीचे मला आजही कुतूहल आहे. कसली चौकशी? पडद्यावर लिहिलेले होते!

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत वाढलेल्या माणसाला या बातमीने धक्का बसतो, पण तो शब्दाचा नव्हे. तो शब्द, आणि त्याचे सगळे नातेवाईक, फाल्गुनात आमच्याकडे होळीभोवती देवाच्या, गावकाराच्या आणि शाळामास्तरांच्या साक्षीने उच्चारले जात आले आहेत. धक्का बसतो तो माफीचा. शिमग्यात दिलेल्या शिवीबद्दल कोणी दुसऱ्या दिवशी दारात येऊन दिलगिरी व्यक्त करू लागला, तर घरचे लोक त्याला आधी बसायला पाट देतील, पाणी देतील आणि मग हळूच डॉक्टरला फोन करतील.

मात्र आमच्या शिमग्याला कलमे होती. दिवस ठरलेले, जमायचा मांड ठरलेला, आधी कोणाच्या दारात जायचे आणि मग कोणाच्या, हा क्रमही ठरलेला. साळला गडे खेळतात, साखळी-डिचोलीकडे घोडेमोडणी होते, रोमटे वाजत गावभर फिरते, ते सगळे पिढ्यांच्या नियमाने. गुलाल धुतला की परवाना संपला. तोच शब्द चैत्रात तिंट्यावर उच्चारा, दात मोजून घ्यावे लागतील.

या परवान्यावर बायकांची सही मात्र कधी कोणी घेतली नव्हती, हेही लिहून ठेवायला हवे. त्यांनी आपला वेगळा मांड घातला. पौषात धालो होतात, रात्री बायका जमतात, गातात, नाचतात, सोंगे काढतात. तो मांड त्यांचा, पुरुषांचे तिथे काही काम नसते. आमच्या घराण्यातल्या कर्त्या पुरुषांना पिढ्यानपिढ्या लांबून फक्त हसणे ऐकू आले आहे. कोणाचे सोंग निघाले आणि कोणावर हसले, याचा अंदाज सकाळी चहा पुढे ठेवणाऱ्या चेहऱ्यावरून घ्यायचा, विचारायचे नाही.

ओस्लोत घोटाळा झाला तो इथे. ज्या बाया तिथे आल्या होत्या त्या नवी तंत्रे शिकायला, आपल्या धंद्यातली माणसे भेटायला आल्या होत्या. त्यांना कोणी सांगितले नव्हते, की मध्येच शिमगा सुरू होणार आहे आणि तुम्हांला कंसात बसावे लागणार आहे. आमच्या आज्यांना निदान दार लावून आत बसायची सोय होती. इथे प्रवेशासाठी पैसे भरलेले.

आणि मुख्य म्हणजे, लिहिले कशाला?

हे आमच्या संकासुराला बरोबर कळते. पेडण्याच्या गावोगावच्या जत्रांत रात्री दशावतार उभा राहतो. मोचेमाडकर, वालावलकर, आरोलकर अशी सिंधुदुर्गातली मंडळे येतात, पेटी आणि पखवाज सुरू होतो, गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो आणि मग काळ्या वेशातला संकासुर. याने ब्रह्मदेवाचे वेद चोरलेले असतात. दुसऱ्याने सांभाळायला ठेवलेली माहिती पळवणारा हा जगातला पहिला इसम, त्यामुळे अझूरच्या जाहिरातीला खरे तर यालाच बोलवायला हवे होते. हा मालवणीत बोलतो आणि कोणाला सोडत नाही. पहिल्या रांगेतला सरपंच, बांगड्यांचे भाव, मोपाच्या विमानतळात गेलेली जमीन आणि तिच्या पैशांतून आलेली मोटार, तुयेच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत मिळणारी नोकरी, जिची वाट पाहता पाहता उमेदवाराचे केस गेले. मध्येच असे काही बोलतो, की पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावतात आणि मागची पोरे शिट्ट्या मारतात. तक्रार कुठे करणार? दशावताराला संहिताच नसते. संवाद उभ्या उभ्या सुचतात आणि पहाटेपर्यंत हवेत विरून जातात. मामलेदाराकडे निवेदन घेऊन जाल, तर मामलेदार विचारील, आक्षेपार्ह मजकूर कुठे आहे? सोबत जोडा.

मजकूर जोडायला लागला, की आक्षेप घेणाऱ्याची पंचाईत होते. ही आमच्या भागाला पूर्वीपासून ठाऊक असलेली गोष्ट. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक लांबलचक फर्मान काढून नवख्रिस्ती लोकांच्या कितीतरी चालीरीतींवर बंदी घातली. लग्नातल्या ओव्याही त्यात होत्या. तेव्हा आम्ही पेडणे-डिचोलीकर सावंतवाडीच्या भोसल्यांच्या मुलखात होतो. पोर्तुगीज आमच्याकडे कायमचे आले ते १७८१ ते १७८८ च्या दरम्यान, त्यामुळे आमच्या ओव्या बचावल्या. पण गंमत पुढेच आहे. काय काय करू नये हे त्या फर्मानात इतके बारकाईने लिहिले होते, की त्या काळी लोक लग्नाबारशाला काय काय करत, हे समजून घ्यायला आज अभ्यासक तेच फर्मान उघडतात. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या पुस्तकात त्याचा खल केला आहे. बंदी घालणाऱ्यांनी यादी केली नसती, तर अर्ध्या रीतींचा आज पत्ताही लागला नसता.

आता मायक्रोसॉफ्टचाच ओस्लोच्या आधीचा प्रयोग पाहा. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बाजारात आले. पडद्याच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ नावाचे बटण होते, म्हणून जाहिरातीला रोलिंग स्टोन्सचे ‘स्टार्ट मी अप’ घेतले. गाणे १९८१ चे, मिक जॅगरचा आवाज, सगळे झकास. फक्त त्या गाण्यात थोडे पुढे गेल्यावर अशी कबुली येते, की हिच्यामुळे मोठ्या बाप्यालाही रडू फुटते. जाहिरातीने गाणे त्याच्या आतच तोडले. पण गाणे लोकांना पाठ होते. मशीन मध्येच निळे होऊन बंद पडले, की लोक उरलेली ओळ आपापल्या टेबलाशी म्हणत. गाण्याच्या अगदी शेवटी तर मेलेल्या माणसाविषयी एक असा आशावाद व्यक्त केला आहे, की तो कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात छापता येत नाही. त्या साली आमच्या पेडण्यात कोणाला विंडोजचे सोयरसुतक नव्हते. आमच्याकडे कोकण रेल्वेच्या बोगद्यात माती पुन्हा पुन्हा कोसळत होती आणि मोठमोठे बाप्ये इंजिनियर, मिक जॅगरची गाठ न पडताही, रडकुंडीला आले होते.

आपल्या देशात जाहिरातीतली गाणी बिचारी निरागस असतात. २०१२ मध्येच इकडे आयडिया कंपनीने ‘हनी बनी’ नावाचे गाणे काढले. त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते, कारण त्यात काय आहे हेच कोणाला समजले नाही. सहा महिन्यांच्या मुलापासून पेन्शनरापर्यंत सगळा देश ते गुणगुणत होता. आमच्याकडे राग येतो तो सिनेमाच्या गाण्याचा. १९९३ च्या ‘खलनायक’मधल्या चोळीच्या गाण्यावर कोर्टात अर्ज गेला. अर्ज करणाऱ्याचा हेतू शुद्धच असणार, पण त्यानंतर चोळीच्या मागे काय आहे ही चौकशी शाळेच्या सहलीच्या बसमध्येही होऊ लागली. २००७ मध्ये ‘आजा नचले’च्या शीर्षकगीतातल्या जातिवाचक शब्दांवर उत्तर प्रदेशात सिनेमाच बंद झाला, निर्मात्यांनी माफी मागून ओळ काढली. तो राग मला समजतो. ज्याच्या धंद्याला शतकानुशतके हिणवले, त्यालाच गाण्यात पुन्हा हिणवायचे, आणि वर तुम्ही नाचा म्हणायचे, हे बरे नव्हे.

२०१० ची कथा याच्या उलट. ‘दबंग’मधल्या मुन्नीने आपली तुलना झंडू बामशी केली. आता हा अंगदुखीवरचा बाम विकणाऱ्या इमामी कंपनीला एवढी फुकट प्रसिद्धी मिळाली, तर तिने नारळ फोडायचा. इमामीने आधी कायदेशीर नोटीस पाठवली. मग डोके थंड झाले, बहुधा तोच बाम लावून, आणि मुन्नीच झालेल्या मलायका अरोराला घेऊन त्यांनी जाहिरात केली. आक्षेपापासून करारापर्यंतचा हा प्रवास इतक्या थोडक्या वेळात झाला, की आमच्याकडच्या पक्षांतर करणाऱ्या आमदारांनीही कौतुक करावे.

आणि गोव्याचे म्हणाल, तर २०११ चा ‘दम मारो दम’. गाणे नव्हे, संवाद. गोव्यात दारू स्वस्त आणि बायका त्याहून स्वस्त, अशा अर्थाचा. गोवा खवळला आणि खवळायलाच हवा होता. पण त्या सिनेमाच्या थिएटराकडे मी फिरकलो नाही, तरी ते वाक्य मला आजही शब्दशः पाठ आहे. निषेधाच्या पत्रकांत वाचले, सभेत ऐकले, पेपरातल्या पत्रांत तर ते अवतरणचिन्हांसह आले. निर्मात्याला एवढी जाहिरात परवडली नसती.

अ‍ॅपलने २०२४ च्या मे महिन्यात आयपॅडची जाहिरात केली, तिच्यातले गाणे तर साधे प्रेमगीत होते, सनी आणि शेर यांचे. तुझ्यावाचून मला काही नको, असा भाव. फक्त ते वाजत असताना एक अवाढव्य प्रेस पियानो, तुतारी, रंगांचे डबे असे सगळे दाबून चिरडत होता आणि शेवटी त्यातून एक पातळ आयपॅड निघत होता. जगभरच्या कलावंतांनी आरडाओरड केली, कंपनीने आमचे चुकले म्हणून जाहिरात टीव्हीवर आणलीच नाही. अशी जाहिरात डिचोलीत काढायची झाली, तर प्रेसखाली पेटी, पखवाज आणि तांबटांनी ठोकलेली समई ठेवावी लागेल. चित्रीकरण पुरे होणार नाही. पेटी ठेवल्याबरोबर तिचा मास्तर तिच्यावर आडवा पडेल. आमच्याकडे गावातले लोक जत्रेला मराठी नाटक बसवतात, त्यात पेटीमास्तर हा एकच माणूस असा असतो, ज्याला नायकापेक्षा जास्त चहा मिळतो.

आता समजा, ओस्लोचे ते गाणे कोणी भाषांतर करून आमच्याकडे आणले. रिक्षावर भोंगा लावला आणि पेडणे-डिचोलीतल्या कुठल्याशा एका गावात सकाळी दहाला फिरवले. गावाचे नाव घालत नाही, बाकीची गावे रागावतील, आमच्याकडे का नाही म्हणून.

पहिली फेरी कोणाच्या लक्षात येणार नाही, लोकांना वाटेल जत्रेच्या नाटकाची जाहिरात. दुसऱ्या फेरीला दुकानाच्या पायरीवरचा एकजण मान वर करून विचारील, “कितें म्हणटा तो?” तिसऱ्या फेरीला रिक्षा थांबवली जाईल. नीट ऐकायला. ‘परत लाय’ म्हणून सांगितले जाईल. निषेध करायचा तर पूर्ण ऐकूनच करावा, अर्धवट माहितीवर बोलणे आमच्या गावाला पटत नाही. दुपारपर्यंत पोरांच्या मोबाइलवर रिंगटोन. संध्याकाळी बारमध्ये हुर्राकाच्या ग्लासावर चर्चा, हा दावा तांत्रिकदृष्ट्या कितपत टिकेल याची. हुर्राकचे दिवस म्हणजे शिमग्याचेच दिवस, त्यामुळे तिथे मतभेद फारसे होणार नाहीत.

रविवारी ग्रामसभा. सभेला एरवी गणपूर्तीसाठी माणसे घरून आणावी लागतात, आज खुर्च्या कमी पडतील. निवृत्त मास्तर पहिले उठतील. त्यांचा आक्षेप असा, की गाण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत. ते फक्त ऐकलेले आहे, त्यात ऱ्हस्व-दीर्घ कसे कळले, असे कोणी विचारल्यास ते म्हणतील, मला कळते. मग गाणे मराठी की कोकणी, हा वाद. १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात मुभा राहिली, तेव्हापासून आमच्याकडे कोणताही विषय या थांब्यावर थांबल्याशिवाय पुढे जात नाही. मराठीवाले म्हणतील, असले शब्द आमच्या भाषेत खपवून घेणार नाही. कोकणीवाले म्हणतील, असले शब्द तुमच्या भाषेत आहेतच कुठे, ते आमचेच आहेत, आणि तुम्ही ते पळवताय. देवस्थान समितीचे म्हणणे, भोंगा देवळासमोरून गेला. यावर एक तरुण विचारील, गेल्या जत्रेच्या ऑर्केस्ट्रात कोणती गाणी झाली ती वाचून दाखवू का? त्याला खाली बसवले जाईल.

महिला स्वयंसाहाय्य गटाची अध्यक्ष शेवटी उठेल आणि दोनच प्रश्न विचारील. ओस्लोत नाचणाऱ्या मुलींना किती पैसे मिळाले, आणि गाणे लिहिणाऱ्याला किती? सभा थोडा वेळ गप्प होईल. उत्तर कोणाकडेच नसेल, म्हणून सरपंच टॉवरचा विषय काढतील. कंपनीला गावात मोबाइल टॉवर उभारायचा आहे. त्याला एकमताने विरोध. त्याच एकमताने, गावात रेंज मिळत नाही याबद्दल तीव्र नाराजी.

ठराव लिहायची वेळ आली, की पंचायत सचिव पेन वर करून विचारणार, “ठरावात काय लिहू?” लिहा, आक्षेपार्ह गाण्याचा निषेध. “कोणत्या गाण्याचा? बीडीओ साहेब विचारतील.” मग ओळ लिहावी लागेल. ओळ कोणी सांगायची? सगळे एकमेकांकडे बघतील. शेवटी रिक्षावाल्याला बोलावून, सभेच्या परवानगीने, गाणे एकदा पूर्ण वाजवले जाईल आणि सचिव ते उतरवून घेईल. त्याला दोनदा थांबवून मागे न्यायला सांगितले जाईल. कंसातला शब्द कंसात घ्यायचा की कंसाबाहेर, यावर मास्तर मार्गदर्शन करतील. एक पंच सुचवतील, की मूळ शब्दाऐवजी टिंबे घाला. त्यावर मास्तर, टिंबे किती? अक्षरे मोजून घालायची, तर कळायचे ते कळणारच. तेव्हा पूर्ण शब्दच जाईल, पंचायतीच्या गोल शिक्क्याखाली.

पुढच्या ग्रामसभेत मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करायचे असते, हा नियम आहे. तेव्हा सचिव उभा राहून, चष्मा सारखा करून, ती ओळ मोठ्याने वाचेल. “कोणाची हरकत?” एकाची हरकत, मागे नीट ऐकू आले नाही. पुन्हा वाचेल.

त्यानंतर माहिती अधिकारात अर्ज सुरू होतील. एका पानाला दोन रुपये. पहिला अर्ज गावातल्या नाटकमंडळाचा असेल, जत्रेसाठी.